उगाळलेली पुतळी

आमच्या घरात सोनं असं एकच होतं, ते म्हणजे आत्याची पुतळी. पुतळी म्हणजे पावलीएवढं, पातळ, परदेशी सोन्याचं नाणं. मोठ्या घरच्या बायका अशा पुतळ्या माळेत ओवून गळ्यात घालतात. आमच्याकडे माळ कधीच नव्हती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची दहा-बारा घरांची वाडी. तिथल्या आमच्या घरात ती एकटी पुतळी देव्हाऱ्यात, पितरांच्या टाकांशेजारी, तांदळाच्या वाटीत बसलेली असायची.

ती घरात कशी आली ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं, बाणकोटच्या बंदरात ओझी वाहणाऱ्या कुणा पूर्वजाला मिळाली. काका म्हणायचे, "मिळाली म्हणजे? कुनी रस्त्यात टाकतंय व्हय सोनं?" आणि तो विषय तिथेच संपायचा.

पुतळीच्या एका बाजूला एक पुरुष उभा होता आणि दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेला होता. दोघांच्या मधे निशाणाची काठी. उभा तो राम आणि बसलेला मारुती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. उलट्या बाजूला लंबगोलात एक आकृती होती आणि तिच्या दोन्ही अंगांना चांदण्या. त्याला आत्या 'चांदण्यातला देव' म्हणायची. त्याचं नाव तिने कधी ठरवलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली. पुतळी तिच्याकडे तिच्या आत्याकडून आली होती. आमच्यात ती लेकाकडे जात नाही आणि सुनेकडेही जात नाही, आत्याकडून भाचीकडे जाते. माझ्या पिढीत मुलगी मी एकटीच.

मी मात्र वाडीत वाढले नाही. बाबा मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यात बटलर होते आणि आम्ही बंगल्यामागच्या खोल्यांत राहायचो. मडमेचं एका मिशनच्या मुलींच्या शाळेत येणं-जाणं होतं. तिने मला तिथे घातलं. शाळेत सगळं इंग्रजीतून. मी वर्गात कमी बोलायची, कारण बाकीच्या मुलींचं इंग्रजी घरून आलेलं होतं. वाडीतही कमी बोलायची, कारण तिथे मी तोंड उघडलं की कुणीतरी हसायचंच. त्यामुळे बघत राहायची सवय मला फार लवकर लागली.

दर मे महिन्यात आम्ही आगबोटीने बाणकोटला यायचो, तिथून खाडीतून दासगावला, मग महाड, मग पोलादपूर, आणि शेवटची चढण पायी. मुक्कामी पोचलं की आत्या माझ्या पायांवर पाणी घालायची आणि विचारायची, "वाळलीस गो. साहेब खायला देत नाय काय?" साहेबाचा आणि माझ्या जेवणाचा काही संबंध नव्हता, पण ते तिला कधी पटलं नाही.

सकाळी वाडीतल्या बायका तान्ही मुलं घेऊन आमच्या पडवीत यायच्या. बाळघुटीची सहाण आमचीच असायची. वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम असलाच तर बदाम, असं एकेक आईच्या दुधात उगाळून झालं की आत्या उठायची, हात धुवायची आणि देव्हाऱ्यातून पुतळी आणायची. शेवटचे दोन वळसे सोन्याचे. पुतळी उभी धरून ती सहाणेवर दोनदा गोल फिरवायची. सहाणेवर काहीच दिसायचं नाही. मग ते चाटण बोटावर घेऊन बाळाच्या जिभेला लावायचं. बाळ तोंड वाकडं करायचं आणि बायका हसायच्या.

वळसे द्यायचे ते नेहमी एकाच जागी, मारुतीच्या पाठीकडच्या कडेवर. तिथे काही अक्षरं होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा तिथे अक्षरं नव्हती, चंद्रकोरीसारखी एक खाच होती. रामाकडची कड का घ्यायची नाही, असं मी एकदा आत्याला विचारलं.

"रामाला खरचटलं तर चालंल काय?" ती म्हणाली. "मारुतीचं काय, त्यानं डोंगर उचललाय. त्याची पाठ दोन वळशानं मोडत नाय."

"आणि तिथली अक्षरं?"

"अक्षरं आपल्या काय उपेगाची? देवाची तोंडं शाबूत ऱ्हायला पायजेत."

मी दहा वर्षांची असताना एकदा पडवीत सगळ्या बसलेल्या असताना कुणीतरी म्हणालं, आता ही साहेबाच्या शाळेत शिकते, तर पुतळीवरचं वाचून दाखव. पुतळी माझ्या तळहातावर ठेवली. रामाच्या मागे उभी अक्षरं होती. एस, एम, व्ही, ई. सुटी सुटी मला ओळखता येत होती, पण त्यांचा कुठलाच शब्द होईना. उलट्या बाजूचंही तसंच. ते इंग्रजी नव्हतंच, पण हे म्हणायचं धैर्य मला झालं नाही. कारण वाडीत गोऱ्यांची लिपी म्हणजे इंग्रजी. मी नुसती बघत राहिले. 

"चार वर्सं फुकट घातली बापानं," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

आत्याने माझ्या हातातून पुतळी काढून घेतली. "देवाच्या अंगावरची अक्षरं हायत ती. ती मनात वाचायची असतात, मोठ्यानं नाय. वाचलंस ना गो मनात?"

मी मान हलवली.

"झालं तर," म्हणून ती पुतळी ठेवायला आत गेली. तिला वाचता येत नव्हतं, आणि मला आलेलं नाही हे तिला कळलेलं होतं. त्यावर आम्ही दोघी पुढे कधी बोललो नाही.

एक गोष्ट मीही तिला सांगितली नाही. शाळेच्या प्रार्थनेच्या खोलीत रंगीत काचेची खिडकी होती आणि तिच्यात तसाच लंबगोलात उभा असलेला येशू होता. चांदण्यातला देव कोण, ते मला त्या खिडकीमुळे केव्हाच कळलं होतं. आत्या रोज त्याला हळदकुंकू लावत होती आणि त्याचं काही बिघडत नव्हतं.

मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी श्रावणात आत्या गेली. पावसात आगबोट बंद, त्यामुळे आम्हाला पत्रच मिळालं. काकांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. शेवटी एक ओळ होती: पुतळी पोरीची हाय, येऊन घेऊन जावी.

त्याच सुमाराला साहेब पेन्शन घेऊन विलायतेला निघाला होता. बाबांना दुसरीकडे काम मिळालं, पण पगार कमी होता आणि मडमेची मदत बंद होणार होती. मला पुण्याला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी फॉर्म मागवून दिला होता. तो मी माझ्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवला होता. आणि शाळेच्या कपाटातल्या एका पुस्तकात मला आमच्या पुतळीचं चित्र सापडलं होतं. हुबेहूब तीच. व्हेनिस शहराचं नाणं, काही शतकांपूर्वीचं. मोठ्या बाई सहज म्हणाल्या होत्या की जुन्या नाण्यांचे शौकीन अशा वस्तूला सोन्याच्या कितीतरी पट देतात, मात्र नाणं स्वच्छ हवं.

 तेव्हापासून पुण्याचा फॉर्म आणि आत्याची पुतळी ही माझ्या मनात एकच गोष्ट झाली.

दिवाळीनंतर मी वाडीत आले. भातं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालू होती. काकांनी हात धुतले, पुतळीला नमस्कार केला आणि तांदळाच्या वाटीसकट माझ्या ओटीत घातली. घरात बारा दिवसांची मुलगी होती, काकांच्या मुलाची. तो मुंबईत गोदीत कामाला. त्याची बायको, माझी वहिनी, पडवीत सहाण घेऊन बसली होती.

"वन्सं, येवढं दोन वळसं द्या," ती म्हणाली. "आत्या गेल्यापासनं पुतळीला कुनी हात लावला नाय. तुमची वाट बघत होतो."

मी पुतळी मुठीत धरली होती. मोठ्या बाईंचं बोलणं आठवत होतं.

"नको," मी म्हणाले. "झिजेल ती."

सहाणेवरचा वहिनीचा हात थांबला. "झिजंल?"

"उद्या महाडला दाखवायची आहे. मग बघू."

वहिनी माझ्याकडे बघून हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "ही पोरगी तुमची भाची. म्हंजे पुढं पुतळी हिचीच. हिच्याच पुतळीचं हिला चाटन नाय होय?"

काका खळ्यावरून येत होते. त्यांनी ऐकलं. "गप गो," ते सुनेला म्हणाले. "पुतळी तिची हाय. ती म्हनंल तसं." वहिनीने हळकुंडाचे दोन वळसे जास्त दिले आणि बाळाला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी काका आणि मी पोलादपूरहून सर्व्हिस मोटारीने महाडला गेलो. सोन्याचा भाव चढला होता, त्यामुळे सोनाराच्या ओट्यावर जागा नव्हती. कुणी बिंदली आणली होती, कुणी मोडक्या कानातल्याची अर्धी जोडी. एक म्हातारी नथ मुठीत धरून बसली होती आणि तिचा नंबर आला की म्हणायची, "त्याचं होऊ दे आधी." आम्ही बसलो होतो तेवढ्यात ती असं तीनदा म्हणाली.

सोनाराने पुतळी घेतली, काळ्या दगडावर ओढली आणि उमटलेली रेघ उजेडात धरली.

"कस उत्तम. असं सोनं आता बघायला मिळत नाही." मग त्याने काटा काढला, एका पारड्यात पुतळी ठेवली आणि दुसऱ्यात गुंजा टाकायला लागला. मधेच थांबला. "मामा, पुतळी भरते अठ्ठावीस गुंजांच्या वर. ही तेवीस भरतेय. कड कुणी कापली?"

काकांचं तोंड लाल झालं. "कापली? आमच्या घरात देवाला कातर लावतंय कोन?"

"मग पाच गुंजा गेल्या कुठं?"

"पोरांनी खाल्ल्या," काका म्हणाले.

सोनाराला आधी कळलं नाही. काकांनी सहाणेचं सांगितल्यावर तो एवढा हसला की त्याचा चष्मा घसरला. "मग मामा, पोरं आणा वजनाला! तीही मोडीत घेतो." ओट्यावरचे सगळे हसले. नथ धरून बसलेली म्हातारीसुद्धा हसली. काका हसले नाहीत आणि मीही.

त्याने आकडा सांगितला. तो ऐकून मी पुतळी परत मागितली. माझा चेहरा बघून असेल, पण तोच म्हणाला की बाजाराच्या टोकाला एक पेन्शनर मास्तर राहतात, त्यांना जुन्या नाण्यांचं वेड आहे, त्यांना दाखवून बघा.

मास्तर ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. काकांनी चपला लांब काढल्या आणि पायरीवरच बसले. मास्तरांनी दोनदा वर बोलावलं, तरी "हितं बरं हाय" म्हणाले. मी पुतळी पुढे केली. मास्तरांनी भिंग आणलं, पुतळी उन्हात नेली आणि दोन्ही बाजू निरखून पाहिल्या. मग माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले. मी 'येस सर' आणि 'नो सर' एवढंच म्हणत होते, तरी पायरीवर बसलेल्या काकांची मान ताठ झालेली मला दिसत होती.

लॅटिन भाषा होती ती. उभा आहे तो त्या शहराचा संत, रामाच्या मागे त्याचं नाव. गुडघे टेकून बसलेला तिथला राजा. प्रत्येक राजाने आपल्या नावाची पुतळी पाडली, चित्र मात्र सगळ्यांनी तेच ठेवलं. त्यामुळे पुतळी कुठल्या काळची, हे त्या नावावरूनच कळतं.

"आणि नाव असतं इथे," म्हणून त्यांनी मारुतीच्या पाठीमागच्या खाचेवर बोट ठेवलं. आता ते मराठीत बोलत होते. "नेमकं तेच गेलं आहे. बाकी नाणं इतकं सुंदर राखलंय की मला आश्चर्य वाटतं. चेहरे बघ, काल पाडल्यासारखे आहेत. नाव असतं तर मी तुला म्हटलं असतं, मुंबईला पाठव, इथे विकू नकोस. कुणी केलं हे?"

"घरात," मी म्हणाले. एवढंच सांगितलं. बाळघुटीचं त्यांना सांगावंसं मला वाटलं नाही.

त्यांनी पुतळी तळहातावर दोनदा उलटसुलट केली. त्यांना ती सोडवत नव्हती हे दिसत होतं. मग त्यांनीही एक आकडा सांगितला. सोनाराच्या आकड्याच्या तिप्पट होता तो. "व्यवहार म्हणून इतकी किंमत नाही तिची," ते म्हणाले, "पण माझ्याकडे ही नाही." पुण्याची पहिली सहामाही त्यात निघाली असती. पुढचं पुढे बघता आलं असतं.

मी हो म्हणणार होते. तोंडातून आलं ते, "वडिलांना विचारून कळवते." शाळेत प्रश्न नीट समजला नाही की मी असंच काहीतरी म्हणून वेळ काढायची.

परतीच्या मोटारीत काकांनी विचारलं, "काय म्हनला मास्तर? राम हाय का नाय?"

मी म्हणाले, "राजा देवापुढे गुडघे टेकून बसलाय, असं म्हणाले."

"मारुतीच म्हंजे," काका म्हणाले.  जरा वेळाने त्यांनी आकडा विचारला, तोही सांगितला.  रस्त्याच्या कडेने भाताच्या भाऱ्यांच्या गाड्या चालल्या होत्या.

"दे मग त्याला," ते म्हणाले. "तुझं शिक्षान व्हायला पायजे. पुतळी नसली म्हनून पोरं वाढायची ऱ्हात नायत गो. खालच्या वाडीत कुनाकडं हाय पुतळी? तितली पोरं काय मेली?"

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

पोलादपूरला उतरून आम्ही चढायला लागलो. वाटेत खळ्यांवर माणसं होती. काका ज्याला त्याला हाक मारत होते आणि मी मागून बघत होते. भारा उचलणारा तो दांडगा गडी, पाटीत तूस भरणाऱ्या दोघी बहिणी, गेल्याच वर्षी लग्न होऊन आलेली आणि आता पोटुशी असलेली ती, जिच्या पोटातल्याला हे सोनं अजून मिळायचं होतं. पाच गुंजा त्यांच्यात गेल्या होत्या. आणि माझ्यात. माझाही जन्म याच घरातला. आत्या म्हणायची, "तू लई रडकी. बाकीच्यांना दोन वळसं, तुला चार लागायचं." म्हणजे त्या खाचेतलं सगळ्यात जास्त मीच खाल्लं होतं, आणि काल वहिनीच्या मुलीला तिच्या वाट्याचे दोन वळसे मी दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सहाण घेऊन बसली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं हळकुंड उगाळून होईपर्यंत मी थांबले, मग हात धुऊन पुतळी आणली आणि तिच्यासमोर बसले. मी सहाणेवर पुतळी टेकवली.

"आडवी नको वन्सं, उभी धरा," वहिनी म्हणाली. "आनि उलट्या अंगानं नाय. मारुतीची पाठ कुटं हाय ती बघा आधी. येवढं शिकलात, पाठ कुनाची नि पोट कुनाचं ते कळत नाय?"

मी पुतळी फिरवली. खाच सहाणेवर आपोआप बसली. एवढी वर्षं ती खाच मी बघत होते, पण सहाणेवर टेकवायला ती किती सोयीची झाली आहे हे मला तेव्हा कळलं. एक वळसा. दोन. सहाणेवर काहीच दिसलं नाही.

"अजून दोन द्या," वहिनी म्हणाली. "ही पन तुमच्यावानी रडकी हाय."

मास्तरांना मी इंग्रजीत पत्र लिहिलं, तीन ओळींचं. त्यांचं उत्तर आलं नाही. पुण्याला मी गेले नाही. आमच्याच शाळेत लहान मुलींच्या वर्गावर मला घेतलं, ट्रेनिंग नसलेल्या बाईच्या पगारावर. तो फॉर्म अजून पेटीच्या तळाशी आहे, कडेने पिवळा पडलेला. तो हाताला लागला की अजूनही जरा वेळ मी पेटी मिटत नाही.

पुतळी मात्र मी मुंबईला आणली नाही. ती तिथेच तांदळाच्या वाटीत असते आणि मी नसताना वळसे वहिनी देते. मी दर मे महिन्यात जाते. गेल्या खेपेला माझी भाची, आता पाच वर्षांची झालेली, पुतळी हातात घेऊन पडवीत बसली होती. बोट खाचेत फिरवत तिने विचारलं, "आत्या, हितं काय होतं गो?"

"नाव होतं. राजाचं."

"मग कुटं गेलं?"

"थोडं मी खाल्लं," मी म्हणाले. "थोडं तू."

तिने जीभ बाहेर काढली आणि डोळे तिरळे करून ती बघायला लागली.